पाणी मुरतंय कुठे

श्यामलाबाईंचा गणिताचा क्लास कोथरूडमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. मुलाचं उत्तर चुकलं तर त्या रागवत नसत, दुसऱ्याचं पाहून लिहिलेलं दिसलं तर मात्र त्याला त्या दिवसापुरतं घरी पाठवत. शाळेतून निवृत्त झाल्यावरही त्यांनी दहावीच्या मुलांना शिकवणं सोडलं नव्हतं. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न केला तो क्लासचं काय करायचं हाच.

क्लाससाठीच त्यांनी पोटाचं डायलिसिस निवडलं. मशीनवरच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, अर्धा दिवस तिथे घालवायचा आणि उरलेला अर्धा घरी थकून पडायचं, हे त्यांना नको होतं. पोटाचं डायलिसिस घरी करता येतं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून पिशवीतलं दोन लिटर द्रावण पोटात सोडायचं, काही तास आत ठेवायचं आणि मग दुसऱ्या पिशवीत काढून घ्यायचं. दिवसातून चार वेळा. आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तातली घाण त्या रक्तवाहिन्यांमधून द्रावणात उतरते. द्रावणात साखर असते, ती अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेते. त्यामुळे आत सोडलं त्यापेक्षा बाहेर आलेलं द्रावण जास्त भरायला हवं. लघवीतून जायचं पाणी असं बाहेर पडतं.

हे सगळं हॉस्पिटलातल्या हिरा सिस्टरांनी नवरा-बायको दोघांना समोर बसवून शिकवलं, पण आधी शिकले ते दिगंबरराव. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाल्यामुळे नळ्या, जोडण्या आणि नियम यांचं त्यांना वावडं नव्हतं. त्यांनी आतली छोटी खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, पिशवी अडकवायला खिळा ठोकला आणि वजनाचा काटा टांगला. दारावर स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला, 'आत येण्यापूर्वी हात धुवावेत. धुतले आहेत असे वाटत असल्यास पुन्हा धुवावेत.' पिशवी बदलताना ते पंखा बंद करत, तोंडाला मास्क लावत आणि श्यामलाबाई बोलायला लागल्या की बोटानेच गप्प राहायला सांगत. पहिलं वर्षभर एकदाही जंतुसंसर्ग झाला नाही. हिरा सिस्टर नवीन पेशंटच्या नातेवाइकांना दिगंबररावांचं उदाहरण द्यायच्या.

दिवाळीनंतर मात्र बिघडलं. तोवर थोडीफार लघवी होत होती, ती जवळजवळ थांबली. म्हणजे आता पाणी काढायची सगळी भिस्त पिशव्यांवर आली, आणि पिशव्यांतून जास्तीचं पाणी येतच नव्हतं. जेवढं आत सोडलं तेवढंच बाहेर यायचं. कधी कधी त्याहूनही कमी. श्यामलाबाईंचे पाय सुजले, डोळ्यांखाली फुगवटा आला. शिकवताना त्या फळ्यापाशी उभ्या राहायच्या, त्या आता खुर्चीत बसून एखाद्या मुलीला फळ्यावर लिहायला सांगू लागल्या.

हॉस्पिटलात दाखवलं. नळी जागची हलली असेल म्हणून एक्स-रे काढला, नळी जागच्या जागी होती. पोट साफ नसेल म्हणून औषध दिलं. मग जास्त साखरेच्या पिशव्या दिल्या, त्यानेही फारसा फरक पडला नाही. ओपीडीतल्या घाईत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, पाणी किती पिता? श्यामलाबाईंनी सांगितलं की ठरवून दिलंय त्याहून एक घोट जास्त नाही, तहान लागली तर नुसती चूळ भरते. हिरा सिस्टर सुईचं झाकण लावता लावता सहज म्हणाल्या, "सगळे असंच सांगतात हो, बाई."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण दिगंबररावांच्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं.

घरी आल्यावर ते बराच वेळ पिशव्यांच्या खोलीत बसून राहिले. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."

श्यामलाबाईंना आधी ते विनोदाने म्हणतायत असं वाटलं. त्या हसल्याही. पण दिगंबरराव हसत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून पहारा सुरू झाला. फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या गेल्या. पेले वरच्या कपाटात गेले. श्यामलाबाई न्हाणीघरात गेल्या की दिगंबरराव पेपर घेऊन बाहेरच्या स्टुलावर येऊन बसायचे, आणि बेसिनचा नळ जास्त वेळ वाहतोय असं वाटलं की खाकरायचे. क्लासच्या मुलांनी आपल्या पाण्याच्या बाटल्या दाराबाहेर ठेवाव्यात, असाही फतवा निघाला. मुलांना कारण कळलं नाही, श्यामलाबाईंना कळलं. आमोद, त्यांचा मुलगा, चेन्नईला नोकरी करत होता. त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याने फोनवर वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही तिला मॉनिटर करताय की तिच्यावर पोलिसिंग करताय?" दिगंबरराव म्हणाले की तू इथे येऊन कर, मग तुला फरक सांगतो.

श्यामलाबाईंनी सुरुवातीला समजावून सांगितलं, नंतर भांडून पाहिलं, आणि शेवटी गप्प झाल्या. आयुष्यभर ज्या बाईने मुलांना खरं बोलायला शिकवलं, तिला आपण खरं बोलतोय हे रोज सिद्ध करावं लागत होतं. आणि हातात पुरावा काय, तर सुजलेले पाय. ते तर उलटच साक्ष देत होते. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचाही स्वतःवरचा भरवसा डळमळू लागला. आमटी जरा पातळ होती का, फोडणीच्या पोह्यांवर पाण्याचा हबका जास्त बसला का, असं त्या मनात उगाळत बसायच्या.

संक्रांत झाली. वरच्या मजल्यावरच्या उत्कर्षाकडे हळदीकुंकू होतं. उत्कर्षा श्यामलाबाईंचीच विद्यार्थिनी, आता एका आयटी कंपनीत होती. लग्नानंतर त्याच इमारतीत राहायला आली याचं तिला कोण अप्रूप. तिने चार वेळा आग्रहाने बोलावलं म्हणून श्यामलाबाई जिना चढल्या. मधल्या वळणावर दोनदा थांबावं लागलं. सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण झालं. मग उत्कर्षा मसाला दुधाचे छोटे पेले घेऊन आली. एकेकीला देत श्यामलाबाईंसमोर आली आणि तिने ट्रे किंचित मागे घेतला.

"बाई, तुम्हाला नाही देत हं," ती मायेनेच म्हणाली. "काकांचा फोन आला होता. तुम्ही लपून पिता म्हणाले, जरा लक्ष ठेवायला सांगितलंय."

बायका आधी श्यामलाबाईंच्या तोंडाकडे आणि मग नकळत पायांकडे पाहायला लागल्या. श्यामलाबाईंनी वाणाची डबी पर्समध्ये ठेवली, उत्कर्षाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कठड्याला धरून खाली आल्या.

दिगंबरराव हॉलमध्ये होते. त्यांच्याकडे न पाहता त्या स्वयंपाकघरात गेल्या. पेला सापडेना, तेव्हा त्यांनी आमटीची मोठी वाटी घेतली आणि फिल्टरच्या नळाखाली धरली. दिगंबरराव दारात येऊन उभे राहिले. श्यामलाबाई त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून वाटीभर पाणी प्यायल्या. पुन्हा वाटी भरली, पुन्हा प्यायल्या. तिसऱ्यांदा भरली.

"आता झालं तुमचं खरं," त्या म्हणाल्या. "आता लपून नाही. समोर."

दिगंबररावांना पुढे होऊन वाटी काढून घेता आली असती. त्यांनी ती घेतली नाही. त्यांना एकदम भीती वाटली, आणि कशाची ते सांगता आलं नसतं.

सकाळी पोहे खायला बसल्या असताना श्यामलाबाईंना श्वास पुरेना. बोलताना दर दोन शब्दांनी थांबावं लागलं. दिगंबररावांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात छातीत पाणी भरल्याचं निदान झालं. मानेतल्या शिरेत तात्पुरती नळी घालून त्यांना मशीनवर घेतलं आणि अंगातलं पाणी ओढून काढलं. दुपारपर्यंत श्वास बरा झाला. पण त्या मशीनकडे पाहत असताना, आता हेच नशिबात, असं श्यामलाबाईंना स्पष्ट दिसायला लागलं. क्लास संपला.

संध्याकाळी डॉक्टर भाग्यश्री बेलसरे राउंडला आल्या. किडनीच्या डॉक्टर म्हणून त्या या हॉस्पिटलात नुकत्याच लागल्या होत्या. वयाने लहान, बोलणं हळू, आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय. दिगंबररावांनी त्यांना सगळं सांगितलं, पिशव्यांचं, संशयाचं, आणि काल डोळ्यांदेखत प्यायलेल्या पाण्याचं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग त्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि खुर्ची ओढून श्यामलाबाईंजवळ बसल्या.

"तुम्ही सांगाल ते मी खरं धरून चालणार आहे," त्या म्हणाल्या. "रोज किती पिता?"

श्यामलाबाईंनी सांगितलं. आदल्या दिवशीचंही सांगितलं, वाटीसकट. "पण तेवढंच. एरवी नाही. मी खोटं बोलत नाही, डॉक्टर."

"कालच्या पाण्याने कडेलोट झाला असेल, पण एवढं पाणी एका दिवसात नाही साठत. हे बरेच आठवडे साठत आलंय." डॉक्टरांनी खुर्ची अजून जवळ घेतली. "मला एक सांगा. एखादं माणूस समजा लपून भरपूर पाणी पितंय. त्याच्या अंगावर सूज येईल, वजन वाढेल. पण पिशवीत पाणी कमी का येईल? अंगात पाणी जास्त आहे म्हणून पिशवी ओढायची थांबते का?"

श्यामलाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. इतकी साधी गोष्ट. मुलांना त्या रोज सांगायच्या की आधी काय दिलंय आणि काय विचारलंय ते नीट वाचा. इथे प्रश्न पिशवीचा होता, आणि सगळ्यांनी मिळून उत्तर शोधलं ते त्यांच्या तोंडापाशी. त्यांनी स्वतःसुद्धा. आपण चोर नाही हे सांगण्यात त्या इतक्या गुंतल्या होत्या की चोरी झालीच नसेल हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"मग पाणी जातं कुठे?" त्यांनी विचारलं.

"जातच नाहीये कुठे. रक्तातून बाहेर पडायलाच त्याला वाट मिळत नसावी. एक तपासणी करू या."

तपासणी दोन दिवसांनी झाली. सगळ्यात जास्त साखरेची पिशवी पोटात सोडली आणि थोड्या थोड्या वेळाने त्या द्रावणाचे नमुने घेतले. श्यामलाबाईंना काही जाणवलं नाही, पोट नेहमीसारखं जड लागलं इतकंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बेलसऱ्यांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं.

त्यांनी टेबलावरच्या कागदावर एक नळी काढली. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचं अस्तर असतं, त्या म्हणाल्या, एकच थर, चपट्या फरश्या बसवाव्यात तसा. पाण्याला बाहेर पडायला तिथे दोन वाटा. एक म्हणजे पेशींच्या मधल्या फटी. तिथून पाणी जातं आणि त्याच्याबरोबर मीठही जातं. दुसरी वाट पेशीच्या अंगातूनच आरपार जाते. पेशीच्या पातळ भिंतीत एका प्रथिनाच्या इवल्या नळ्या रोवलेल्या असतात, त्याला ॲक्वापोरिन म्हणतात. त्या इतक्या अरुंद की पाण्याचे कण एकामागे एक रांगेने जातात, मिठाला तिथे प्रवेशच नाही. साखरेची पिशवी जे पाणी ओढते, त्यातलं जवळजवळ निम्मं या वाटेने येतं.

"आता तपासणीत काय पाहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "या नळ्यांतून मिठाशिवायचं, नुसतं पाणी येतं. त्यामुळे पहिल्या तासात पोटातलं द्रावण पातळ होतं, त्यातल्या सोडियमचं प्रमाण खाली यायला हवं. तुमचं आलंच नाही. बाकी घाण व्यवस्थित बाहेर पडतेय, म्हणजे पडदा चांगला आहे, फटी चांगल्या आहेत. नुसत्या पाण्याची जी खास वाट आहे, तीच तुमच्याकडे कमी आहे. काही माणसांच्या पेशी हे प्रथिन जन्मापासूनच कमी बनवतात. परदेशातल्या पाहणीत असे बरेच पेशंट सापडलेत."

"जन्मापासून?" श्यामलाबाईंनी विचारलं. "मग आजवर कसं चाललं?"

"एरवी त्यावाचून काही अडत नाही. पोटाचं डायलिसिस करायची वेळ आली म्हणून ते कळलं. आणि तोवर लघवी होत होती, त्यामुळे झाकलं गेलं."

दिगंबरराव इतका वेळ कागदाकडे पाहत होते. ते म्हणाले, "म्हणजे ती पाणी पीत नव्हती."

"ते मी तपासलेलं नाही, काका. त्याला तपासणी नसते. त्यांनी सांगितलं आणि मी खरं धरलं. पण पाणी न निघायचं कारण त्यांचं पिणं नव्हतं, हे तपासलंय."

दिगंबररावांनी मान हलवली. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. श्यामलाबाईंना त्यांच्याकडे पाहावंसं वाटलं नाही. मुद्दाम टाळायचं होतं असंही नाही, त्यांना फक्त तिथे बसून राहायचं होतं. गेल्या कित्येक आठवड्यांत प्रथमच त्यांना कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. खांद्यांतली रग एकदम उतरली, आणि ती इतके दिवस होती हे ती उतरल्यावर कळलं.

मग त्यांनीच विचारलं, "म्हणजे मशीनच का?"

"इतक्यात नको. दुसऱ्या प्रकारची पिशवी असते. तिच्यात साखरेऐवजी मक्याच्या स्टार्चपासून केलेला पदार्थ असतो. त्याचे कण मोठे. ते पाणी ओढतात ते फटींमधून, या नळ्यांची त्यांना गरज लागत नाही. ते काम सावकाश करतात, म्हणून रात्रभर पोटात ठेवायची. दिवसातून एकदाच. आज रात्री सोडू, उद्या सकाळी पाहू. मी आत्ताच शब्द देत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरराव पहिल्या बसने आले. दाढी केलेली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांच्या बाबतीत नवलाचीच होती. हिरा सिस्टरांनी नळी जोडली, रिकामी पिशवी खाली ठेवली आणि चिमटा उघडला. पाणी वाहू लागलं. फिकट पिवळं, स्वच्छ. तिघंही पिशवीकडे पाहत होती. पिशवी भरत गेली, फुगत गेली, आणि एरवी जिथे थांबायची तिथे थांबली नाही.

शेवटी धार बारीक होऊन बंद झाली. सिस्टरांनी चिमटा लावला आणि पिशवी काट्याला अडकवली. काटा नेहमीच्या खुणेच्या बराच पुढे गेला आणि थोडा हलून तिथेच थांबला.

दिगंबरराव वाकून पाहत होते. "सिस्टर, काटा बरोबर आहे ना हा?"

सिस्टरांनी ती पिशवी काढली, शेजारच्या पलंगाचा काटा आणला आणि त्याला अडकवली. तिथेही काटा तिथेच आला.

श्यामलाबाई आधी हसल्या, मग त्यांना रडू आलं. दोन्ही एकदमच चाललं होतं आणि त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. हिरा सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "सगळे असंच सांगतात, असं मी म्हणाले होते तुम्हाला. चुकलंच माझं."

"तुम्हाला दहातले आठ तरी खोटं सांगणारेच भेटत असतील," श्यामलाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"भेटतात. पण मग उरलेल्या दोघांनी काय करायचं?"

सिस्टर पिशव्या घेऊन गेल्या. दिगंबररावही खोलीबाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचे दोन कागदी पेले होते, एक पूर्ण आणि एक अर्धा. अर्धा त्यांनी श्यामलाबाईंसमोर धरला. डॉक्टरांना विचारून आणलाय, असं सांगितलं. मग खिडकीपाशी उभे राहून ते आपला चहा प्यायला लागले. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता," ते बाहेर पाहतच म्हणाले.

"हो. ठेवायला हवा होता."

मग दिगंबरराव वळले आणि पलंगाच्या कडेला बसले. ते एरवी कधी पेशंटच्या पलंगावर बसत नसत, जंतू लागतात म्हणून.

"तू पीत असशील, तर तू थांबलीस की सगळं नीट होणार होतं," ते म्हणाले. "मला तेच हवं होतं. पीत नसशील, तर मग काय करायचं ते मला माहीत नव्हतं."

श्यामलाबाईंनी हे ऐकलं आणि त्यांना पहाऱ्यावरच्या त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदाच नीट दिसला. बेसिनचा नळ वाहताना ऐकून खाकरणारा माणूस चोर पकडायला बसला नव्हता. चोर सापडावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. राग गेला नाही, पण त्याची धार बोथट झाली.

"उत्कर्षाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "आणि त्या बायकांनासुद्धा."

"फोनवर नको. जाऊन सांगतो."

आणि त्यांनी ते केलं. डिस्चार्ज मिळाला त्याच संध्याकाळी ते वर गेले. उत्कर्षाने नंतर श्यामलाबाईंना सांगितलं की काका बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. दारातच उभे राहून त्यांनी आधी रक्तवाहिनीच्या अस्तराबद्दल सांगितलं, मग ॲक्वापोरिनबद्दल. तिला वाटलं, सोसायटीचं काहीतरी पाइपलाइनचं काम निघालंय. शेवटी म्हणाले, 'तात्पर्य, मी जे बोललो ते खोटं होतं आणि तुझ्या बाई एक थेंबसुद्धा लपून प्यायल्या नव्हत्या. हळदीकुंकवाला ज्या ज्या आल्या होत्या त्यांची नावं सांग.' आणि एकेकीच्या दारात जाऊन त्यांनी हेच व्याख्यान दिलं. दोघीतिघींना त्यातलं काही समजलं नाही, पण दिगंबरराव माफी मागतायत, एवढं सगळ्यांना समजलं. त्यांच्या तोंडून तसलं काही ऐकायची सोसायटीतली ती पहिलीच वेळ असावी.

रात्रीची पिशवी बदलल्यापासून श्यामलाबाईंचं वजन हळूहळू उतरत गेलं. आधी डोळ्यांखालचा फुगवटा गेला, मग बांगड्या मनगटावर फिरायला लागल्या, आणि एका सकाळी पायांचे घोटे दिसले. मानेतली तात्पुरती नळी केव्हाच निघाली होती. पेले खालच्या फडताळात परत आले. पाणी अजूनही मोजकंच होतं, पण ते आता श्यामलाबाई स्वतः ओतून घेत आणि दिगंबरराव तेव्हा पेपर वाचत. कधी कधी पेपर उलटा धरल्यासारखे वाचत, पण वाचत.

डॉक्टर बेलसऱ्यांनी रक्ताचा एक नमुना जनुकांच्या तपासणीसाठी पाठवला होता. बऱ्याच दिवसांनी त्याचं उत्तर आलं. ते प्रथिन किती बनवायचं हे ठरवणाऱ्या जागी श्यामलाबाईंच्या जनुकात एक छोटा बदल होता, आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. आमोदने फोनवर घाबरतच विचारलं की मग माझं काय. श्यामलाबाईंनी डॉक्टरांकडून विचारून घेतलं होतं. बदललेल्या जनुकाची एक प्रत त्याला त्यांच्याकडून मिळालेलीच असणार, पण एका प्रतीने काही त्रास होत नाही. "तुला कधी पोटाचं डायलिसिस करावं लागलं तरच विचार कर," त्या म्हणाल्या, "आणि तशी वेळ यायला नको असेल तर लोणचं कमी खा आणि बीपी तपासत जा." आमोद हसला. पुष्कळ दिवसांनी घरच्या फोनवर कुणीतरी हसत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी क्लास पुन्हा सुरू झाला. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, मुलांचे पालक रोज विचारत होते. पहिल्या दिवशी श्यामलाबाईंनी उभं राहून शिकवलं आणि प्रमेय पूर्ण होईपर्यंत खडू खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्या जरा पडू म्हणून पलंगावर गेल्या. दोन महिने त्यांना सपाट झोपता येत नव्हतं. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून, पाठीशी उशा रचून त्या कशीबशी डुलकी काढायच्या. त्या दिवशी सवयीने त्यांनी पाठीशी उशा रचल्या. मग काय वाटलं कोण जाणे, एक काढली. थांबून पाहिलं. दुसरी काढली. मग सगळ्याच बाजूला सारल्या, पाठ गादीला टेकवली आणि छताकडे पाहत श्वास घेतला. तो आत गेला आणि सावकाश बाहेर आला. पुन्हा घेतला, पुन्हा तसाच आला.

क्लासची मुलं नेहमीच्या वेळी आली तेव्हा दिगंबररावांनी दार उघडलं. आत पाहिलं, तर श्यामलाबाई उताण्या पडून गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळत. दिगंबरराव क्षणभर दारातच उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाई झोपल्यात," ते हळूच म्हणाले. "तासाभराने या."

मुलांना आनंद लपवता आला नाही. ती जिन्यावरून धडधडत खाली गेली. दिगंबररावांनी कठड्यावरून वाकून त्यांना दटावलं, पण तेही कुजबुजतच.